हॅड, मेड, गॉट आणि आपलं 'करून घेतलं'

बेलापूरलोकल

बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय आणि तोही व्याकरणाचा, त्यामुळे आधीच माफी. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच टाकतोय, फोनवर दर दोन शब्दांनी कीबोर्ड बदलायचा जाम कंटाळा येतो, चालवून घ्या.

तर झालं असं. मी बांधकामाच्या ड्रॉइंगच्या ऑफिसात आहे. गेल्या आठवड्यात क्लायंटला मेल टाकली, 'आय हॅव चेक्ड द ड्रॉइंग्ज'. माझ्या डोक्यात होतं 'ड्रॉइंग तपासून घेतलीत', म्हणजे आमच्या बाहेरच्या कन्सल्टंटकडून. क्लायंटने वाचलं की या पठ्ठ्याने स्वतःच तपासली, आणि उलट विचारलं की मग चेकिंगच्या रकान्यात तुमची सही का नाही. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, पुढचं सांगत बसत नाही.

नंतर शेजारच्या टेबलवरची म्हणाली तिथे 'आय हॅव हॅड द ड्रॉइंग्ज चेक्ड' पाहिजे होतं. हॅव हॅड! मला वाटलं खेचतेय माझी. पण खरंच तसं असतं म्हणे. मला शाळेत एकच शिकवलेलं, मेक हॅव गेट दिसले की 'कडून करवणे', कॉजेटिव्ह, संपलं. मग तिन्हींचा अर्थ एकच असेल तर तीन कशाला ठेवलेत? आणि गेटच्या मागे टू लागतो तो मेक-हॅवला का नाही? कोणीतरी नीट सोडवून सांगा, पुस्तकातला तक्ता नको, तो माझ्याकडे आहे आणि त्याचा उपयोग शून्य.

गवतीचहा

हॅव हॅड वाचून मलाही हसू आलं. जागा धरून ठेवते.

ओसरीवरचे_मास्तर

बेलापूरलोकल, 'कडून करवणे' शिकवणाऱ्यांत मीही होतो बरं का. एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातली पहिली दहा-बारा वर्षं हेच पाप केलं, त्यामुळे उत्तर द्यायची जबाबदारी माझ्यावर येते.

घोळ असा की आपण इंग्रजीच्या तीन क्रियापदांना मराठीतल्या एकाच 'करवणे'ला बांधतो. पण तुम्ही दिवसभरात 'करवणे' किती वेळा म्हणता हो? मी तर बोलताना ऐकतच नाही. आपण म्हणतो करायला लावलं, करून घेतलं, करायला सांगितलं, करू दिलं. म्हणजे मराठीत हे काम शेपटीला जोडलेलं छोटं क्रियापद करतं, आणि इंग्रजीतलं मेक, हॅव, लेट नेमकं या छोट्या क्रियापदांच्या जागी बसतं.

एकच उदाहरण घेऊ, सही. 'शी मेड हिम साइन' म्हणजे तिने त्याला सही करायला लावली, त्याची इच्छा असो नसो. 'शी हॅड हिम साइन' म्हणजे तिने त्याची सही घेतली, त्याचं कामच ते, काउंटरवर बसलेल्या बाईने फॉर्म पुढे सरकवावा तसं, यात ना जबरदस्ती ना विनवणी. 'शी गॉट हिम टू साइन' म्हणजे तो सहजासहजी करणारा नव्हता, गोड बोलून, मागे लागून, कशीतरी एकदाची करवून घेतली. आणि 'शी लेट हिम साइन' म्हणजे करू दिली, त्यालाच करायची होती, हिने आडकाठी केली नाही. सही चारही वाक्यांत झाली, पण सही करणाऱ्याच्या मनात काय चाललं होतं ते दर वाक्यात वेगळं. सगळी गंमत तिथे आहे.

आता तुमच्या मेलबद्दल. काम करणाऱ्याचं नाव घ्यायची गरज नसेल, फक्त काम झालं हे महत्त्वाचं असेल, तर हॅव, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. 'आय हॅड द ड्रॉइंग्ज चेक्ड'. मराठीत शब्द पुढेमागे केले तरी प्रत्यय अर्थ सांभाळून घेतात, ड्रॉइंग मी तपासली, मी तपासली ड्रॉइंग, बिघडत नाही काही. इंग्रजीत 'हॅड चेक्ड द ड्रॉइंग्ज' आणि 'हॅड द ड्रॉइंग्ज चेक्ड' यात फक्त एक शब्द इकडचा तिकडे झाला आणि तपासणारा माणूसच बदलला. तुमच्या शेजारच्या बाईंचं बरोबर आहे. 'हॅव हॅड' मधला पहिला हॅव नुसता काळ दाखवतो, दुसरा हॅड खरा 'घेतलं'वाला.

टूचं नंतर लिहितो, नातू फोन मागतोय.

काडेपेटी

मास्तरांचा आदर ठेवून विचारतो. शहाजहानने ताजमहाल बांधला. एक वीट तरी लावली का त्याने? इंग्रजीतही 'शहाजहान बिल्ट द ताजमहाल' असंच लिहितात. मग बेलापूरलोकलने 'आय हॅव चेक्ड' लिहिलं तर एवढं काय आभाळ कोसळलं?

गवतीचहा

काडेपेटी पेटली +१

आणि आम्ही 'केस कापले', 'ड्रेस शिवला', 'घराला रंग दिला' म्हणतो तेव्हा कोणाला वाटतं का की मी स्वतः शिडीवर चढले होते?

टोरांटोतली_माई

गवतीचहा, इकडे वाटतं! माझाच किस्सा. नवीन नवीन आले तेव्हा ऑफिसात सांगितलं 'आय कट माय हेअर', तर पलीकडची बाई डोळे मोठे करून म्हणे 'युअरसेल्फ? इट लुक्स सो गुड!' मी लाजून हो म्हणून टाकलं, मग दोन महिन्यांनी ती मला तिचे केस कापशील का विचारायला लागली. तेव्हापासून आयुष्यात 'आय हॅड माय हेअर कट' नाहीतर 'गॉट अ हेअरकट'.

काडेपेटींचा मुद्दा मात्र खरा आहे, बिल्डला चालतं. मला वाटतं जिथे एकट्याने ते काम करणं शक्यच नाही तिथे इंग्रजी मधला माणूस गाळते. राजा महाल बांधतो, कंपनी पूल बांधते, शेजारी 'बिल्ट अ न्यू हाउस' म्हणतात आणि गवंडी गृहीत असतात. पण केस, कपडे, गाडीची दुरुस्ती, कागद तपासणं ही कामं माणूस स्वतःही करू शकतो, तिथे सांगावं लागतं की केलं की करून घेतलं. ड्रॉइंग तपासणं तर सहीचं काम, तिथे हा फरक पैशाचा आहे.

अजून एक इकडचं. रिसेप्शनला निरोप ठेवायचा तर 'प्लीज हॅव हिम कॉल मी' म्हणतात, म्हणजे त्याला मला फोन करायला सांगा. मी आधी 'मेक हिम कॉल मी' म्हणायचे. बिचाऱ्या रिसेप्शनिस्टने त्याची मानगूट धरून फोन लावावा अशी माझी अपेक्षा आहे असं वाटत असणार तिला.

बेलापूरलोकल

माई 😂😂 मानगूट!

मास्तर, चार सह्यांचं वाक्य स्क्रीनशॉट काढून ठेवलं. पण मग 'द ओनियन्स मेड मी क्राय' याचं काय? कांद्याने कुठे जबरदस्ती केली?

ओसरीवरचे_मास्तर

चांगला प्रश्न. मेकमध्ये धमकी असलीच पाहिजे असं नाही, समोरच्याला पर्याय नव्हता एवढं पुरतं. पोलिसाने थांबायला लावलं तेव्हा पर्याय नव्हता आणि कांद्याने रडवलं तेव्हाही नव्हता. म्हणून मेकचा कर्ता निर्जीव चालतो. हॅवला तसा चालत नाही, कारण हॅवमध्ये कोणीतरी काम सोपवलेलं असतं आणि कांदा काम सोपवत नाही. 'द ओनियन्स हॅड मी क्राय' चूक. पण 'हॅड मी क्राइंग' चालतं बरं का, त्यात आज्ञा नाही, नुसती अवस्था आहे, माझी रडारड चाललेली होती अशी.

इथे मराठी माणसाची दुसरी अडचण सुरू होते. निर्जीव वस्तू माणसाला काही करायला लावते असं बोलणं आपल्या जिभेवर सहज येत नाही. आपण म्हणतो धुराने खोकला आला, त्या गाण्यामुळे गाव आठवलं. इंग्रजी म्हणते 'द स्मोक मेड मी कफ', 'द साँग मेड मी थिंक ऑफ होम'. उलट बाजूने बघा, 'व्हॉट मेक्स यू थिंक सो' याचं मराठी 'तुला असं विचार करायला काय लावतं' असं कोणी करत असेल तर त्याला भाषांतराचं काम देऊ नका. आपण सरळ विचारतो, तुला असं का वाटतं. 'व्हॉट ब्रिंग्ज यू हिअर' म्हणजे, इकडे कुठे आज?

मुलांना मी शेवटी शेवटी असंच शिकवायचो. मराठीत 'मुळे' किंवा 'ने' आलं आणि माणसाला काहीतरी झालं की इंग्रजीत मेक बसतो का ते आधी बघ. दहातल्या सातआठ वेळा बसायचा.

कुळागर

आमच्या घरची जुनी गाडी पावसाळ्यात चालू होत नसे तेव्हा गोव्यात राहायला आलेला एक ब्रिटिश शेजारी म्हणायचा 'डिड यू गेट इट टू स्टार्ट?' गाडीशी गोड बोलायचं म्हणजे गेट, बरोबर ना मास्तर? आम्ही खरंच बोलायचो तिच्याशी.

ओसरीवरचे_मास्तर

अगदी. गाडी हट्टी आहे, तिला मनवली, म्हणून 'गॉट इट टू स्टार्ट'. मराठीत तो सगळा भाव 'एकदाची'मध्ये आहे. एकदाची चालू झाली.

आता टू. नियम पाठ करायला लहान आहे, मेक, हॅव, लेट यांच्यामागे नुसतं क्रियापद, गेटमागे टू, हेल्पला दोन्ही चालतं. फोर्स, कॉज, अलाव, पर्स्वेड या सगळ्यांना टू. पण मेकचा टू मेलेला नाही, तो लपलेला आहे. वाक्य पॅसिव्ह केलं की बाहेर येतो. 'दे मेड मी वेट', पण 'आय वॉज मेड टू वेट'. परीक्षेत या टूवर हमखास एक मार्क असतो आणि हमखास जातो. सी आणि हिअरचं तसंच, 'आय सॉ हिम एंटर', 'ही वॉज सीन टू एंटर'.

हॅवचं पॅसिव्ह होतच नाही, 'आय वॉज हॅड टू वेट' असं काही नसतं. लेटचंही सहसा नाही, तिथे अलावला बोलवावं लागतं.

टोरांटोतली_माई

'वॉज लेट गो' असतं ना मास्तर, आणि ते नको तेव्हा असतं. म्हणजे नोकरीवरून काढलं. 'जाऊ दिलं' म्हणे, जसं काही मीच जायला उतावीळ होते. गोड भाषेत सुरी.

संस्कृतवेडी

सध्या पीएचडीच्या नावाखाली हेच करतेय त्यामुळे राहवलं नाही.

मेकचा टू पूर्वी कर्तरी वाक्यातही सर्रास दिसायचा. १६११ च्या राजा जेम्सच्या इंग्रजी बायबलमध्ये तेविसाव्या स्तोत्रात 'ही मेकथ मी टू लाय डाउन' असंच आहे. नंतर कर्तरी वाक्यातून टू गळाला आणि पॅसिव्हमध्ये टिकला. म्हणजे आपली पोरं 'ही मेड मी टू क्लीन' लिहितात ती चारशे वर्षं उशिरा जन्मली एवढंच. (मार्क मिळणार नाहीत तरी.)

बेलापूरलोकलच्या मेलबद्दल तर एक भारी गोष्ट आहे. 'आय हॅव चेक्ड द ड्रॉइंग्ज' हा पूर्ण वर्तमानकाळ मुळात 'आय हॅव द ड्रॉइंग्ज चेक्ड' सारख्या रचनेतूनच आलाय. जुन्या इंग्रजीत 'माझ्याकडे मासा पकडलेला आहे' अशी वाक्यं होती, हॅव म्हणजे खरोखर जवळ असणे. त्यातून 'मी मासा पकडलाय' हा काळ तयार झाला. शब्दांचा क्रम आज पक्का वेगळा झालाय म्हणून दोन अर्थ वेगळे राहिले. तुम्ही ज्या दोन वाक्यांत घोटाळा केलात ती दोन वाक्यं लांबच्या बहिणी आहेत, साहेबांना सांगा.

आणि इंग्रजीला प्रत्यय लावून प्रयोजक करता येत नाही असं समजू नका, पूर्वी येत होतं. सिट-सेट, राइज-रेज, लाय-ले, फॉल-फेल या जोड्या बघा. बसणे-बसवणे, उठणे-उठवणे, पडणे-पाडणे. 'फेल अ ट्री' म्हणजे झाड पाडणे. जुन्या जर्मानिक भाषेत (इंग्रजी-जर्मनची पूर्वज) मूळ क्रियापदाला एक प्रत्यय लागायचा, त्याने आतला स्वर बदलला, प्रत्यय झिजून गेला आणि बदललेला स्वर मागे राहिला. संस्कृतचा सीदति-सादयति (बसतो-बसवतो) मधला 'अय' आणि तो प्रत्यय एकाच मुळाचे. म्हणजे सेट आणि सादयति ही सख्खी चुलत भावंडं. पाणिनीने या 'अय' प्रत्ययाला णिच् म्हटलंय, सूत्र 'हेतुमति च', आणि करायला लावणाऱ्याला 'प्रयोजक' हे नाव त्याचंच, 'तत्प्रयोजको हेतुश्च'. आपल्या शाळेच्या पुस्तकातलं प्रयोजक क्रियापद तिथून आलं. मराठीतला 'व' मात्र 'अय'चा थेट वंशज नाही, तो स्थापयति, दापयति मधल्या 'आपय'पासून प्राकृतातून घासत घासत आला. तर पडणे-पाडणे, मरणे-मारणे या जोड्यांत जुना स्वरबदल तसाच बसलाय. आपल्याकडे दोन्ही यंत्रं चालू आहेत, इंग्रजीचं एक कधीच गंजलं.

गुरांचा_डॉक्टर

व्याकरणात मला काही कळत नाही पण ड्रेंच राहिला की यादीत. आमच्याकडे जनावराला तोंडाने औषध पाजण्याला ड्रेंचिंगच म्हणतात. ड्रिंकचं ड्रेंच असणार मग? पिणे-पाजणे? आजवर मला वाटायचं भिजवण्याचा ड्रेंच आणि हा वेगळा. (घाईघाईत पाजलं आणि श्वासनलिकेत गेलं की ड्रेंचिंग न्युमोनिया होतो, म्हणून म्हैस असो वा शेळी, डोकं फार वर करू नका. अवांतर आहे पण धाग्यावर कोणी पशुपालक असेल तर.)

संस्कृतवेडी

डॉक्टर, तोच तो!! मूळ अर्थ पाजणेच, भिजवणे नंतर आला. तुमच्या गोठ्यात जुना अर्थ जिवंत आहे, आमच्या डिपार्टमेंटात सांगते उद्या.

काडेपेटी

सगळं ठीक पण मला हे पटत नाही की मेक, हॅव म्हणजे बरोब्बर लावणे आणि घेणे. 'आय हॅड माय वॉलेट स्टोलन'. घ्या. पाकीट चोरून घेतलं का मी? कोणाला सुपारी दिली होती?

ओसरीवरचे_मास्तर

काडेपेटी, तुम्ही वर्गात असता तर मी तुम्हाला पहिल्या बाकावर बसवलं असतं. (बघा, 'बसवलं'. बसायला लावलं म्हटलं की तुम्ही कुरकुरत बसलात, बसू दिलं म्हटलं की तुम्हीच हट्ट केला होतात, आणि लहान पोराला उचलून ठेवलं तरी बसवलंच.)

तुमचं उदाहरण खरं आहे. हॅवची ही दुसरी बाजू, काम सोपवलेलं नाही तर अंगावर आलेलं. 'ही हॅड हिज लेग ब्रोकन' याचे दोन अर्थ होतात, अपघातात मोडला किंवा विम्यासाठी मोडून घेतला, संदर्भानेच कळायचं. पण जरा मराठीकडे बघा. 'खेळायला गेला आणि पाय मोडून घेतला.' 'पोळ्या करताना हात भाजून घेतला.' कोणी मुद्दाम भाजतं का? घेणेमध्येही करवून आणणं आणि अंगावर ओढवून घेणं दोन्ही आहे. हॅव आणि घेणे इतके जवळ चालतात हे मला स्वतःला निवृत्तीनंतर सुचलं, आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं.

पाकिटाला मात्र ही जोडी तुटते हे मान्य. 'पाकीट मारून घेतलं' म्हणत नाही आपण, पाकीट मारलं गेलं म्हणतो. घेणेत आपली थोडी तरी चूक लागते, धांदरटपणा तरी. हॅवमध्ये नाही लागत.

काडेपेटी

बरं, अर्धा पटला.

मग 'किल' म्हणजे 'कॉज टू डाय' हे तरी खरं का? मारणे म्हणजे मरायला लावणे?

संस्कृतवेडी

यावर १९६०-७० च्या दशकांत भाषाशास्त्रज्ञ अक्षरशः भांडलेत. काही म्हणायचे किलच्या पोटात 'कॉज' आणि 'डाय' दडलेत. अमेरिकन तत्त्वज्ञ जेरी फोडरने १९७० मध्ये त्याविरुद्ध लेख लिहिला. त्याच्या युक्तिवादातला एक धागा माझ्या शब्दांत सांगते. समजा बुधवारी कोणी विष दिलं आणि माणूस शनिवारी गेला. 'बुधवारी विष देऊन तो शनिवारी मरेल असं केलं' हे म्हणता येतं, पण 'बुधवारी विष देऊन शनिवारी मारलं' म्हटलं की कान टवकारतात. एकशब्दी मारणेमध्ये घटना एकच आणि थेट हाताने, दोन शब्दांत सांगितलं की मध्ये फट पडू शकते. 'ही स्टॉप्ड द कार' म्हणजे ब्रेक दाबला. 'ही मेड द कार स्टॉप' म्हणजे रस्त्यात आडवा झोपला असेल, काहीही केलं असेल. मराठीत गाडी थांबवली आणि गाडी थांबायला भाग पाडलं, तोच फरक.

गवतीचहा

माझा बाळबोध प्रश्न. 'मला आता चालवत नाही', 'बघवत नाही' यातला व पण हाच का? यात कोण कोणाला चालवतंय?

संस्कृतवेडी

गवतीचहा, बाळबोध अजिबात नाही! रूप तेच, पण त्याला शक्य क्रियापद म्हणतात, करणाऱ्याची ताकद आहे की नाही ते सांगणारं. इंग्रजीत तिथे कॉजेटिव्ह आणायचाच नाही. 'बघवत नाही' म्हणजे 'आय कान्ट बेअर टू वॉच'. आजी म्हणते 'माझ्याच्याने चालवत नाही', आणि नातू 'बाबा गाडी चालवत नाहीत'. व एकच.

बेलापूरलोकल

मंडळी, धागा कुठल्या कुठे गेला आणि मी मधल्या सुट्टीत सगळा वाचून काढला. काल क्लायंटला सुधारित मेल टाकली, 'वी हॅड द ड्रॉइंग्ज चेक्ड बाय अवर कन्सल्टंट अँड गॉट हिम टू साइन ईच शीट'. पाठवायच्या आधी शेजारच्या टेबलवालीला दाखवली. ती म्हणे हॅड बरोबर आहे, पण गॉट हिम टू काढ, क्लायंटला वाटेल कन्सल्टंट सही करायला तयारच नव्हता.

तयार नव्हताच हो तो. तीन दिवस मागे लागलो होतो. पण काढलं आणि 'हॅड हिम साइन' केलं.

टोरांटोतली_माई

हाहा, आणि ती शेजारच्या टेबलवाली कोण आहे म्हणे? तीन पोस्टींत तीनदा आली.

काडेपेटी

माई, त्यासाठी वेगळा धागा काढायला लावू त्याला.

गवतीचहा

लावू नका, मनवा. गेट हिम टू.